तीन महिने सरेपर्यंत

मृणालिनी ओल्या कपड्यांची टोपली घेऊन तीन जिने चढत असेल, हा विचार कुंदाताईंच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. पोळ्या लाटताना तो यायचा, शाळेत फळ्यावर हृदयाची आकृती काढताना यायचा, मुलुंडच्या बाजारात भाजीवालीशी घासाघीस करतानाही यायचा. लेकीच्या अमेरिकेतल्या घराला कपडे धुण्याचं यंत्र होतं म्हणे, पण ते तळघरात, आणि ती राहत होती तिसऱ्या मजल्यावर. यंत्र कपडे धुतं, वर आणून देत नाही.

एरवी असल्या गोष्टीचं त्यांना काही वाटलं नसतं. पण मृणालिनीला दिवस गेले होते आणि ते जगात फक्त मायलेकींना ठाऊक होतं. कुंदाताईंच्या यजमानांना नाही, घाटकोपरच्या विहीणबाईंना नाही. खुद्द जावयालासुद्धा नाही.

कुंदाताई काही अडाणी नव्हत्या. लग्नानंतर, मांडीवर मूल घेऊन अभ्यास करून त्या बी.ए. झाल्या होत्या. मुलींच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवत होत्या. मृणालिनी लहानपणी तापाने फणफणली तेव्हा दृष्ट काढायला आलेल्या शेजारणीला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. "मिरच्या जाळून खोकला होतो हो, दुसरं काही होत नाही," म्हणाल्या होत्या. शेजारीण पुढे महिनाभर बोलत नव्हती.

त्याच कुंदाताईंनी लेकीला शपथ घातली होती.

त्याला कारण पहिल्या खेपेचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मृणालिनीला दिवस राहिले आणि जावई विद्याधर आनंदाने वेडा झाला. माणूस सोन्यासारखा, पण पोटात एक गोष्ट राहील तर शपथ. त्याने ऑफिसात पेढे वाटले, चाळीत वाटले, दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही दिले. पेढ्यांचा खोका रिकामा व्हायच्या आतच सगळं संपलं. विहीणबाई भेटायला आल्या, मृणालिनीच्या उशाशी बसल्या आणि कुंदाताईंकडे बघून म्हणाल्या, "सांगायची इतकी घाई करायला नको होती हो." पेढे वाटले त्यांच्याच मुलाने. पण ते वाक्य कुंदाताईंच्या मनात रुतून बसलं ते बसलंच.

म्हणून सांताक्रूझच्या विमानतळावर, विद्याधर सामानाच्या वजनावरून हुज्जत घालत होता तेवढ्यात, त्यांनी लेकीचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "पुन्हा दिवस राहिले तर तीन महिने सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. त्यालाही नाही. माझी शपथ."

"आई, तू शरीरशास्त्र शिकवतेस ना गं?" मृणालिनी हसली होती. पण हात काढून घेतला नाही.

आणि ही पोरगी शपथ पाळणारी. पाच वर्षांची असताना कुंदाताईंनी तिला लाडवांच्या डब्याला हात लावायचा नाही म्हणून शपथ घातली आणि त्या विसरून गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लाडू खाल्ले, हिने ताटलीतल्या लाडवाला बोट लावलं नाही. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "आई, सुटली म्हण ना!" कुंदाताई "सुटली" म्हणाल्या, तेव्हा कुठे लाडू तोंडात गेला.

मागल्या आठवड्यात तिचं पत्र आलं. तुलाच सांगतेय, असं लिहून खाली एक ओळ होती. मध्ये एकदा थोडं लाल दिसलं, पण आपणच थांबलं. डॉक्टरकडे गेले नाही, कारण इथे बिल घरी येतं, मग यांना कळेल. अजून महिनाभरच तर काढायचाय.

ते वाचल्यापासून कुंदाताईंना टोपली आणि जिने दिसत होते.

रविवारी दुपारी अनंत आला. विद्याधरच्याच कंपनीत शिकायला गेलेला, परवाच विमानाने परतलेला चुणचुणीत मुलगा. मृणालिनीने दिलेला कॉफीचा डबा घेऊन आला होता. कुंदाताईंचे यजमान श्यामकांत विम्याच्या कचेरीत नोकरीला होते, गोदामांचे आगीचे विमे बघायचे. त्यामुळे बोलणं तिकडे वळायला वेळ लागला नाही.

"काका, तिकडे माणसाच्या आजारपणाचाही विमा असतो. आजारी पडायच्या आधीच पैसे भरून ठेवायचे."

"आणि पडलोच नाही आजारी, तर?"

"तर बुडाले."

"वा! म्हणजे पैसे वसूल करायला तरी आजारी पडलं पाहिजे!" श्यामकांत खो खो हसले. "गोदामाचं ठीक आहे रे. माणसाला काय आग लागतेय?"

"काका, तिकडची हॉस्पिटलची बिलं बघाल तर लागेल. आमच्या कंपनीने हे आत्ताच सुरू केलंय. दोन तऱ्हा आहेत. एक स्वस्तातला, नुसता अपघाताचा. दुसरा महाग, पण त्यात डॉक्टर, हॉस्पिटल, बाळंतपण, सगळं आलं. विद्याधर स्वस्तातला घेतोय. म्हणतो, आम्ही दोघं धट्टीकट्टी, उरलेल्या पैशात जुनी मोटार येईल."

कुंदाताईंच्या हातातला कप बशीवर आपटला.

"आणि... नंतर दुसरा नाही का घेता येत?"

"येतो ना काकू. पण मग बाळंतपणाला दहा महिने थांबायचं. आत्ता पहिल्यांदाच नाव घालणाऱ्यांना काही विचारत नाहीत, थांबायलाही लावत नाहीत. पण मुदत येत्या शनिवारपर्यंत."

"मृणालिनी काय म्हणाली?"

"वहिनींना विचारलं की त्याने, माझ्यासमोर. त्या म्हणाल्या, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." अनंत हसला. "आदर्श बायको!"

आदर्श बायको नव्हे, शपथेत अडकलेली पोर. कुंदाताईंना तिचा चेहरा दिसला: ओठ मिटलेले, नजर ताटलीतल्या लाडवावर. आणि इथे त्यांचेही ओठ तसेच मिटलेले. समोर नवरा, समोर परका मुलगा. "अजून चहा घे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

अनंत गेला. कुंदाताई खिडकीशी उभ्या राहिल्या. पत्र शनिवारपर्यंत पोचणार नाही. तार करावी, तर घरून आलेली तार बघूनच पोरगी घाबरणार, आणि या दिवसांत तिने घाबरणं नको. टेलिफोन होता विहीणबाईंकडे, आणि लेकीच्या घरचा नंबरही त्यांच्याचजवळ. आपण बोललो आणि पुन्हा तसंच झालं तर? "सांगायची इतकी घाई..." आणि नाही बोललो नि तिला पुन्हा लाल दिसलं, तर ती बिलाच्या भीतीने पडून राहील, एकटी, तिसऱ्या मजल्यावर. शरीरशास्त्राच्या पुस्तकात पेढ्यांमुळे गर्भपात होतो असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून भीती जात नव्हती.

"अगं, चहात साखर नव्हती. तो पोरगा बिचारा मुकाट्याने प्यायला," श्यामकांत म्हणाले. "काय झालंय तुला?"

त्यांनी सांगून टाकलं. उभ्या उभ्या, खिडकीबाहेर बघत.

श्यामकांत उठून खिडकीशी आले. मग हळूच म्हणाले, "मलासुद्धा नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर पत्त्यांच्या डावात दुसऱ्या हाताला सगळ्यांना कळलं असतं."

"पहिल्याच हाताला," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "तिला डॉक्टरकडे जायला पाहिजे, कुंदा."

"म्हणूनच घाटकोपरला चला. आत्ता. विहीणबाईंच्या फोनवरून अमेरिकेचा कॉल लावायचाय."

"त्या तिथेच उभ्या राहतील."

"राहू देत."

"आणि अमेरिकेचा फोन म्हणजे ओरडावं लागतं म्हणे. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल."

"ओरडेन."

"विद्याधरनेच उचलला तर?"

याचा विचार त्यांनी केला नव्हता. एक पाय चपलेत, एक बाहेर, तशाच त्या थांबल्या. डोक्यावर लेकीचा हात होता त्या जागी नकळत त्यांचा स्वतःचा हात गेला.

"तर त्यालाच सांगेन. मोठा विमा घे म्हणावं, आणि उद्याच तिला डॉक्टरकडे ने. मग म्हणेन, आता फोन तिच्या कानाला लाव. तिला माझ्या तोंडून 'सुटली' ऐकायचंय."

त्यांनी दुसरी चप्पल पायात घातली.