किलर

निडीचा हैबतराव एरवी गरीब गाय, पण कबड्डीच्या मैदानात एकदा पाय धरला की सोडायचा नाही. घरी तीन भावांत भाताचं एकच खाचर. त्यामुळे धाटावची एक कंपनी पेणच्या स्पर्धेतून आपल्या संघासाठी माणूस उचलणार, त्याला कायमची नोकरी देणार, हे कळल्यावर त्याला देवच पावल्यासारखं झालं. मी निडीच्या संघाचा व्यवस्थापक, म्हणजे लिंबू-पाणी सांभाळणारा.

उपांत्य सामन्यात वडखळचा जनू चढाईला आला. हैबतने घोटा धरून असा खेचला की जनू मानेवर आपटला आणि हललाच नाही. त्याला उचलून दवाखान्यात नेलं. आम्ही जिंकलो. कंपनीचे साहेब खूश. त्यांना परक्याच्या मानेचं काय? हैबतच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "यू आर अ किलर!"

"काय म्हनले वो?" हैबतने त्यांच्या कारकुनाला विचारलं.

"किलर म्हणजे खुनी," कारकून इंग्रजी कोळून प्यायल्याच्या थाटात म्हणाला. खेळात ही शाबासकी असते, समोरच्याला दयामाया न दाखवणाऱ्याला देतात, हे त्या दीडशहाण्याला कोण सांगणार?

हैबत पांढराफटक पडला. मला म्हणाला, "जनू गेला. साहेबास्नी कळलाय. माज्या हातनं मानूस गेला."

"तसं नाय रे, ती तारीफ हाय," मी परोपरीने सांगितलं. पण जनूची खबर माझ्याकडे तरी कुठे होती? दवाखान्यातून कोणीच परतलं नव्हतं. तेवढ्यात अंतिम सामन्याची शिट्टी झाली.

शेवटपर्यंत बरोबरी. शेवटच्या चढाईला हैबतने पाय पकडला. आता नुसतं धरून ठेवायचं होतं. चढाईवाला तोंडघशी पडला, त्याची मान वाकडी झाली, आणि हैबतची बोटं आपोआप सुटली. तो गडी सरपटत मधल्या रेषेला पोचला. आम्ही हरलो. मला रडू फुटलं.

साहेब चडफडत उठले. "नो, नो. ही इज नॉट अ किलर!" म्हणाले आणि दुसऱ्याच पोराला बोलावून घेतलं.

'नॉट' मात्र हैबतला कळत होतं. तो धावत गेला. "नॉट ना, साहेब? म्हंजे जनू जित्ता हाय!"

जनू खरंच कधीचा शुद्धीवर येऊन दवाखान्यात चहा पीत बसला होता. पण ते अजून आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. हैबतची नोकरी नुकतीच हातची गेली होती, आणि तो साहेबांचे पाय धरून आनंदाने रडत होता.