माझ्या वाट्याचा दगड

कुरखेड्याच्या शाळेत मी नवी मास्तरीण होते. वय वीस, नाकावर नंबर नसलेला चष्मा आणि डोक्यात न मावणारं शहाणपण. आरमोरीच्या बाजारातून परतताना मोटारीत एक टोपलीवाली बाई हमखास भेटायची. सीट रिकामी असली तरी टोपली पुढ्यात घेऊन खालीच बसायची आणि चारोळ्या फोडत स्वतःशीच हसायची.

जंगल लागण्याआधी मोटार थांबे. सगळे उतरून झाडाखालच्या देवाजवळ एकेक दगड ठेवत, सुखरूप पोचू दे म्हणून. मी तेवढी आत ताठ बसून राही. ती मात्र दोन दगड निवडून, पदराने पुसून ठेवायची.

"दोन कशाला?" एकदा मी विचारलं.

"एक माहा, एक तुहा. तू उतरत नाईस ना बाई. त्या देवाले का मालूम, तू शिकलेली आहेस म्हणून?"

सगळी मोटार हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

"घरी कोणी वाट पाहून राह्यलं ना?" तिने हळूच विचारलं.

"हो, पुष्कळ जण," मी म्हणाले. खोलीवर माझी वाट पाहायला फक्त कुलूप होतं.

बदली होऊन निघाले, त्या दिवशी ती मोटारीत नव्हती. मी उतरले. दोन दगड शोधले, माझ्या कोऱ्या लुगड्याच्या पदराने पुसले. पहिला ठेवला. दुसरा कोणाचा, ते देवाला सांगायचं होतं, आणि दोन वर्षांत मी तिचं नावच विचारलं नव्हतं.

मी चष्मा काढला. म्हटलं, "ती खाली बसते ना, तिचा हा."