शेगडी म्हणाले असते तर

सगळा घोळ एका शब्दानं केला. तो शब्द माझ्याच तोंडून गेला, त्यामुळे दुसऱ्या कुणावर खेकसायची सोयही राहिली नाही. एरवी मी ती सोय सहसा सोडत नाही. माहेरी मला लहानपणापासून मिरची म्हणायचे, आणि सासरी येऊन वीस वर्षं होत आली तरी माझा तिखटपणा काही कमी झालेला नाही.

आमचं गाव वालूरच्या अलीकडे. लेकरं परभणीला शिकायला, त्यामुळे घरात आम्ही नवराबायको आणि सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. घरात गॅस कधीचा आलाय. पण गॅसवर आमचा चहा, दूध, आणि पाहुणे आले की पोहे. भाकरी, वरण आणि आंघोळीचं पाणी मात्र चुलीवर. चूल आत्याबाईंनी स्वतः घातलेली, शेजारी वरण शिजत ठेवायला वैल, आणि दर सोमवारी त्यांच्या हातचं सारवण. जळण आमच्याच रानातली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं. ती जरा ओलसर असली की सकाळी घरभर धूर. आत्याबाई फुंकणी तोंडाला लावायच्या, पाच मिनिटं फुंकायच्या आणि अर्धा तास खोकत बसायच्या. सेलूच्या डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं. आत्याबाईंनी त्यावर डॉक्टर बदलला.

मग बचत गटाच्या बैठकीत एक बाई ती वस्तू घेऊन आली. पत्र्याची, गोल, गुडघ्याएवढी. बुडाशी छोटा पंखा, पंख्याला बॅटरी. वरून गोळ्या भरायच्या, कापराची वडी ठेवून पेटवायचं आणि बटण फिरवायचं. गोळ्या म्हणतात, पण आकार करंगळीच्या पेराएवढा. पऱ्हाटीचा आणि तुराट्यांचा भुसा दाबून दाबून केलेल्या. पाथरीच्या रस्त्याला या गोळ्यांचा छोटा कारखाना निघालाय. म्हणजे आमचीच पऱ्हाटी तिकडे जाणार आणि गोळ्या होऊन घरी येणार. धूर नावाला नाही. मी तिथंच ठरवून टाकलं.

पहिल्याच दिवशी गोळ्यांचं पोतं गोठ्यात उतरवलं, नेमकं म्हशीच्या गोळी पेंडीच्या पोत्याशेजारी. दिसायला दोन्ही सारख्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरधन्यांनी म्हशीपुढे टोपलंभर जळण ओतलं आणि दात घासायला निघून गेले. म्हशीनं हुंगलं, मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझीच मान खाली गेली. निदान तिनं स्पष्ट नकार तरी दिला. घरातल्या बाकीच्यांचा नकार कळायला मला पुढे आठवडा लागला.

त्या दिवशी दुपारी मी हौसेनं नणंदेला फोन लावला. नणंद पाथरीला दिलेली, आत्याबाईंची एकुलती लेक. मोठ्या तोऱ्यात तिला म्हणाले, "आमी नवी चूल मांडली बरं का." पलीकडे एकदम सामसूम. मग ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, रेंज गेली.

हाच तो शब्द. मराठी बाईनं कुठल्याही वयात आणि कुठल्याही तोऱ्यात फोनवर म्हणू नये असा. नवी चूल मांडली म्हणजे काय, ते ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे घर फुटलं आणि म्हातारीला वेगळं काढलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पाथरीची जीप फाट्यावर थांबली आणि नणंद उतरली. डोळे सुजलेले, हातात मोठी रिकामी पिशवी. ती पिशवी आईची लुगडी भरायला आणली होती, हे मला नंतर कळलं. दारात उभी राहून माझ्याकडे न बघता म्हणाली, "वैनी, आई जड झाली व्हती तर आदी मला सांगायचं. मी नेली असती."

मला आधी काही कळेना, मग कळलं तेव्हा राग आला, आणि राग अर्ध्यात असतानाच हसू फुटलं. तिच्या हाताला धरून आत नेलं आणि ती पत्र्याची वस्तू दाखवली. तिनं वाकून बघितलं, बटण फिरवलं, पंखा घुं घुं करायला लागला. मग ती मटकन खाली बसली. ही तर शेगडी हाय, शेगडी म्हणायला तुझ्या जिभेला काय झालतं, असं मला झापून पदर तोंडाला लावून हसत सुटली. तेवढ्यात घरधनी स्टँडवरच्या हॉटेलातून आले. जीपमधून बातमी तिथवर आधीच पोचलेली, आणि चौघांनी त्यांना विचारलं होतं, वाटण्या झाल्या म्हणे. दुसरा कुणी असता तर जागेवर खुलासा केला असता. आमच्या माणसाला खुलाशाचा कंटाळा. ते सरळ घरी येऊन मलाच विचारायला लागले, आपण वेगळे झालो का म्हणून. मग काय, आम्ही तिघं पोट धरून हसलो.

आत्याबाई हसल्या नाहीत. वैलावरचं वरण उतरवलं, हात पुसले आणि गोठ्यात निघून गेल्या. नणंदेच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मी तिकडे काणाडोळा केला. संध्याकाळी नणंद रिकामी पिशवी घेऊन परत गेली.

पुढचे तीन दिवस मी नव्या शेगडीवर भाकरी केली. भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून फुगवायची ही आमची सवय. हिला तोंडच नाही, निखाऱ्यांचा आर सगळा वरून. म्हणून वर जाळी ठेवून शेकायची. पहिल्या दोन करपल्या, तिसरी टम्म फुगली. मी आत्याबाईंचं ताट वाढलं तर म्हणाल्या, भूक नाही. तासाभरानं बघते तर आपल्या चुलीपुढे बसून स्वतःपुरती एक भाकरी थापतायत. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, चूल जाणार म्हणून धास्तावल्या असतील. मी मन मोठं केलं. "तुमची चूल मी मोडत न्हाई," म्हटलं, "ऱ्हाऊ द्या तिथंच. मी ही नुस्ती भाकरीपुरती वापरते." माझ्या हिशेबी यापेक्षा समजूतदार सून परभणी जिल्ह्यात शोधून सापडली नसती. आत्याबाईंचा चेहरा मात्र असा उतरला, की मी काही वाईटसाईट बोलून गेले की काय, असं मलाच वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा ताट सरकवलं आणि माझा तोल गेला. उलथणं आपटून मी म्हणाले, "आत्याबाई, माझ्या हातची भाकर चालंना का तुमाला? तसं असंल तर तोंडावर सांगा."

त्यांनी चिमट्यानं चुलीतली राख सारखी केली. मग बोलल्या, आणि आवाज अजिबात चढवला नाही.

"थोरलीबी असंच म्हनली व्हती. आत्याबाई, नुस्ती च्यापुरती मांडते. वसरीत मांडली. म्हैना झाला न्हाई, मीठमिरची न्यारी झाली. वरीस झालं न्हाई, घर न्यारं झालं. तवापासून थोरला माझ्या ताटाला न्हाई. एका घरात दोन चुली मी एकदा बघितल्यात, माय. आता तूबी मांडलीस."

थोरली म्हणजे माझी जाऊ. दीर आणि ती गावातच राहतात, मागच्या गल्लीत. माझं लग्न व्हायच्या आधीच ते वेगळे झालेले. भांडण असं काही नाही. लग्नाकार्याला, पोळ्याला येणंजाणं आहे, वाटेत भेटले तर बोलणं आहे. पण आत्याबाईंनी त्या घरातून इतक्या वर्षांत विरजणसुद्धा कधी मागून आणलं नव्हतं. मी त्याला म्हातारीचा हेका समजत होते. वीस वर्षं एका घरात काढली आणि एवढं एक मला विचारावंसं वाटलं नाही. मला फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं म्हणून खपवायचीही सोय नव्हती, कारण शेजारी जळत होती ती बिनधुराची.

तरी वाद घालायची खोड जात नाही. मी म्हटलं, मग गॅस आला तेव्हा का नाही बोललात? तोही जाळच की. त्यांनी मला लेकराला सांगावं तसं सांगितलं. "ग्यास शेगडी हाय. त्यात राख पडती का? इस्तू ऱ्हातो का? जिच्यात राख पडती, ती चूल."

इस्तू म्हणजे विस्तव, राखेखाली धरून ठेवलेला. नव्या शेगडीखाली चिमूटभर पांढरी राख पडलेली मला दिसत होती. मी म्हणाले, उद्या ही परत पाठवते. घरधनी म्हणाले, पाठव. मी ठेवते म्हणाले असते तरी ते ठेव म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा त्यांची आंघोळ आणि लिंगपूजा झालेली, कपाळावर विभूतीची तीन बोटं, आणि चूल पेटलेली. नव्या शेगडीत त्यांनी गोळ्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "हिचं बटन कुटं हाय?" मी दाखवलं. त्यांनी चिमट्यानं चुलीतला एक लालभडक निखारा उचलला, गोळ्यांवर ठेवला आणि बटण स्वतः फिरवलं. जाळ निळसर होऊन वर आला.

"इस्तू तोच हाय," त्या म्हणाल्या. "आता एकच ठीवायची."

मग जुन्या चुलीतला जाळ विझवला, ती निवू दिली आणि हातात खुरपं घेतलं. मी म्हणाले, ह्यांना करू द्या. तर म्हणाल्या, मी घातलीय, मीच काढणार. मी घमेलं धरून बसले. आतली माती भाजून विटेसारखी लाल झाली होती, एकेक ढेकूळ घमेल्यात पडत होतं. त्यांना खोकला येत होता, थांबत होत्या, पुन्हा खरवडत होत्या. मी एक शब्दही बोलले नाही, हे माझ्या बाबतीत नोंदवून ठेवण्यासारखं आहे. ती माती घरधन्यांनी रानात नेऊन बांधावर टाकली. त्या दिवशी जाळीवरची पहिली भाकरी मी आत्याबाईंना वाढली. एका बाजूनं जरा करपली होती. त्यांनी पंखा कमी कर म्हणून सांगितलं आणि सगळी खाल्ली.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. चुलीतला विस्तव रोज राखेखाली झाकून ठेवायचा आणि सकाळी उकरून त्यावरच जाळ करायचा, ही आत्याबाईंची कायमची रीत. या गोळ्या मात्र जळून पार संपतात, मागे निखारा ठेवत नाहीत. सकाळी ती शेगडी थंडगार असणार, आणि विस्तव तोच आहे म्हणणाऱ्या माझ्या सासूला ते दिसणार. ज्या निखाऱ्यासाठी त्यांनी स्वतःची चूल मोडली, तो एक दिवससुद्धा टिकला नाही असं व्हायचं. मी ठरवलं, त्यांच्या आधी उठायचं आणि गुपचूप पेटवून ठेवायचं.

उजाडायच्या आधी मी कापूर आणि काडेपेटी मुठीत धरून चोरपावलांनी गेले. आत्याबाई तिथं बसलेल्याच होत्या, चिमट्यानं राख चाळवत.

"इझला व्हय," त्या म्हणाल्या.

मी मूठ पदराखाली घातली. त्यांनी कोनाड्यातलं जुनं खापर काढलं, त्यात मूठभर राख घातली आणि "आले" म्हणून बाहेर पडल्या. पूर्वी असंच शेजारून विस्तव आणायचे. मी दारात उभी राहून बघत होते. त्या शेजारच्या घरी वळल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. खापर दोन्ही हातांत धरून त्या मागच्या गल्लीत शिरल्या.

त्यांना यायला अर्धा तास लागला. खापरात राखेखाली तीन-चार निखारे फुललेले. आणि मागे डोक्यावरचा पदर सावरत माझी जाऊ. ती उंबऱ्याबाहेरच थबकली. मी हाताला धरून तिला आत घेतलं.

आत्याबाई शेगडीपुढे बसल्या आणि निखारा उचलत, आमच्या दोघींकडे न बघता म्हणाल्या, "हिच्या चुलीत माझाच इस्तू हाय. वसरीत मांडली तवा मीच दिलता." गोळ्यांनी जाळ धरला. मग म्हणाल्या, "थोरल्याला जेवाय ये म्हनून सांगून आले. भाकरी जरा जास्ती टाक."

किती जास्ती, ते मी विचारलं नाही. जावेनं पाण्याचा तांब्या जवळ घेतला, आणि मी काठवटीत आणखी दोघांचं पीठ घेतलं.