ड्यूकचा पुतण्या

अंधेरीच्या एका कंपनीसाठी मी इतिहासाची ऑडिओ व्याख्यानं मराठीत आणायचं काम घरून करते. त्या महिन्यात माझ्या वाट्याला एक ड्यूक आला होता. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका डोंगराळ सरहद्दीवर राज्य केलेला, फारसा कुणाच्या लक्षात न राहिलेला. वाक्य कानाला कसं लागतं ते कळावं म्हणून मी मोठ्याने वाचते, आणि चारकोपच्या आमच्या दोन खोल्यांत मोठ्याने वाचलेलं सगळ्यांचंच होतं. पप्पा पेपर बाजूला ठेवून ऐकायला लागले.

ड्यूकचा थोरला भाऊ लढाईत पडला तेव्हा त्याचा मुलगा पाळण्यात होता. पुतण्या मोठा होईपर्यंत म्हणून धाकट्याने गादी सांभाळली. चांगली सांभाळली. सरहद्दीपलीकडच्या टोळ्या थोपवल्या, मठांना जमिनी दिल्या, नदीवर पूल बांधला. पुतण्या मोठा झाला, ड्यूक काही उठला नाही. तो गेल्यावर त्याचाच मुलगा गादीवर बसला. पुतण्याचा पुढे कुठे उल्लेखच नाही.

"म्हणजे मारलं त्याला?" पप्पांनी विचारलं.

"माहीत नाही. मठात पाठवलं असेल. आपणहून गेला असेल. कुणी लिहूनच ठेवलं नाही."

"असं कसं? बघ ना नीट, पुढे असेल."

पुढे नव्हतं. पप्पा गॅलरीत गेले, आत आले, परत गॅलरीत गेले.

आमच्या सेक्टरमधलं बुद्धविहार माझ्या मोठ्या काकांनी उभं केलं. ते अचानक गेले तेव्हा त्यांचा मुलगा, माझा दादा, शाळेत होता. विहाराचं अध्यक्षपद पप्पांकडे आलं आणि पप्पांकडेच राहिलं. दादा आता बँकेत होता, त्याला स्वतःची मुलगी होती.

पुढचे काही दिवस पप्पांचं जेवणात लक्ष नव्हतं. "तुझ्या त्या ड्यूकने वाट लावली ह्यांची," मम्मी मला म्हणाली. शेवटी पप्पांनी दादाला बोलावून घेतलं.

"विहार तुझ्या बापाने उभं केलंय," ते म्हणाले. "तू बघ आता."

दादा चहाचा कप धरून हसला. "काका, मला कशाला? एक रविवार मिळतो. त्यात पोरीचा स्विमिंगचा क्लास."

"काका उठत नाहीत, असं तुला कधी वाटलं नाही?"

दादाचं हसू गेलं. "वाटायचं ना. कॉलेजात असताना खूप वाटायचं. तेव्हा विचारलं असतंत तर घेतलंही असतं." मग घाईघाईने म्हणाला, "आता नको हो काका, खरंच."

तो गेल्यावर पप्पांनी पंखा बंद केला, पुन्हा लावला.

पुढच्या बैठकीत त्यांनी पद सोडलं. लोक नको नको म्हणाले, पण थोडंच म्हणाले, आणि ते पप्पांच्याही लक्षात आलं. मुलांचा रविवारचा वर्ग घेणाऱ्या एका नर्सबाईंना सगळ्यांनी एकमताने निवडलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही वंदनेला गेलो. बाई पुढे बसल्या होत्या. पप्पा दाराशीच घुटमळले.

"चला ना, बसा कुठेही," मम्मी म्हणाली.

"बसतो गं," ते म्हणाले, आणि वंदना सुरू झाली तरी दारातल्या विस्कटलेल्या चपला जोडीने लावत राहिले.