उचकी लागलेला हॉर्न

मासळीवाल्या वसूमावशीच्या व्हॅनमधून मी सहा वर्षं शाळेत शिकवायला गेले. आज काय मासळी निघाली होती ते माझ्या वर्गातल्या मुलांना मी फळ्याजवळ पोचायच्या आतच वासावरून कळायचं. "टीचर, आज बोंबील!" डहाणूहून गंजाडला एसटी आहे, नाही असं नाही. पण ती तिच्या मर्जीची, आणि आमच्या मुख्याध्यापकांचं सगळं प्रेम मस्टरवर. मावशी मात्र ठरल्या वेळी नाक्यावर हजर. मागे टोपल्या आणि बर्फाचे डबे, पुढे मी, नाकाला पदर लावून.

"नाक कशाला झाकता, टीचर? याच वासावर माझं घर उभं हाय," म्हणत ती खाडकन गिअर टाकायची.

व्हॅन मुळात तिच्या नवऱ्याने, शांतारामकाकांनी घेतलेली, तीही कुणीतरी वापरून सोडलेली. काकांचा जन्म बोटीवर गेलेला. रस्त्यावर त्यांना समोरून येणारं प्रत्येक वाहन अंगावर आल्यासारखं वाटायचं. दोन महिन्यांत त्यांनी चावी बायकोच्या हातात दिली आणि समुद्रावर परत गेले. मावशी तेव्हा चाळिशीची. बंदरावर लोक हसले. वर्षभराने तेच लोक लग्नाला जायला तिची गाडी मागू लागले, आणि तिने एकालाही दिली नाही.

त्या गाडीचा हॉर्न म्हणजे एक प्रकरण होतं. मासळीचं खारं पाणी कधीतरी आत गेलं आणि तेव्हापासून तो आधी दोन उचक्या द्यायचा आणि मग म्हशीसारखा लांब हंबरायचा. मला शरमेने मान खाली घालावी लागे. गंजाडचे पाडे लांब लांब, झाडीत विखुरलेले. मावशी रस्त्यावरून हॉर्न द्यायची आणि पाच मिनिटांत शेताच्या बांधांवरून बायका टोप घेऊन येताना दिसायच्या.

पण मिठाने गाडी खाल्ली. वाटेत आशागडला एकदा माझी चप्पल पायाखालच्या भोकातून रस्त्यावर पडली आणि मी एका चपलेने दिवसभर गणित शिकवलं. शेवटी मेकॅनिकने हात जोडले. गाडी तीन आठवडे दारात उभी राहिली. त्यातच मी एक शहाणपणा केला. मोटारसायकलवर बर्फाची पेटी बांधून एक नवा मासळीवाला गंजाडला येतो, हे मी मावशीला सांगून टाकलं.

एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई एवढंच म्हणाली, "माझी गिऱ्हाइकं गेली, टीचर. वीस वर्सांची." घरी बसायचं म्हणून ती घाबरली नव्हती. त्या बायका आपल्याला विसरून जातील, याची तिला भीती वाटत होती.

अपराधी वाटून मीच चारोटीचा भंगारवाला शोधला, धर्मेशभाई. फोनवर किलोचा भाव ठरवला. मावशी भडकलीच. "मासळी न बघता कोन भाव करतो? शिकवता काय तुम्ही पोरांना?"

रविवारी शेजारच्या नारूच्या टेम्पोला व्हॅन दोराने बांधली. गंजाडवरून जाताना मावशी व्हॅनच्या स्टिअरिंगमागे होईल तितकी खाली सरकली, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून. हॉर्नला तिने हातही लावला नाही.

धर्मेशभाई गोड माणूस. चहा मागवला, आणि चहा येण्याआधी व्हॅनखाली वाकून एक नजर टाकली. मग दरवाजे बघितले, इंजिन बघितलं, पत्र्यावर टिचकी मारून तोंड वाकडं केलं. "मावशी, यात काही राहिलं नाही हो. किलोवर घेतो, चालेल ने?"

"चालेल. खालचं सोडून."

"खालचं शुं?"

"तुम्ही पयलं जिथं बघितलं ते."

तो सायलेन्सर होता. मावशीला गाडीच्या पोटातलं काही कळत नव्हतं, पण गिऱ्हाइकाचे डोळे कळत होते. घोळ माशाच्या पोटात एक पिशवी असते, तिला बोत म्हणतात. अख्ख्या माशाहून तिला भाव जास्त. "ज्याला बोत पायजे तो घोळीचं तोंड बघत नाय, पोट बघतो," मावशी मला म्हणाली, तेही धर्मेशभाईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. त्यानेही मग हसून कबूल केलं, की जुन्या अस्सल सायलेन्सरमध्ये कसलीशी महागडी माती असते आणि तिचं गिऱ्हाईक वेगळं. त्याचा भाव वेगळा लागला. बॅटरीचा वेगळा, रेडिएटरच्या तांब्याचा वेगळा. माझ्या फोनवरच्या सौद्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही, हे त्यांचे उपकार.

मग धर्मेशभाईने गाडी आत ढकलायला स्टिअरिंग धरलं आणि त्याचं कोपर हॉर्नवर पडलं. दोन उचक्या आणि हंबरडा. आवारातली कुत्री उठून पळाली.

मावशीने चहाचा कप खाली ठेवला.

"हा काढून द्या," ती म्हणाली.

"अरे, ए तो बगडेला आहे, मावशी! नवो आपू, फुकटात."

"नवा नको. हाच."

त्याने खांदे उडवले आणि दोन नट सोडून हॉर्न तिच्या हातावर ठेवला. तिने सांगितलं म्हणून नारूने तिथेच तो आपल्या टेम्पोला जोडला. मावशीच्या डोक्यात काय चाललंय ते तोवर आम्हा दोघांच्याही लक्षात आलं होतं.

परतताना गंजाडला, नेहमीच्या चिंचेखाली, तिने नारूला टेम्पो थांबवायला लावला आणि स्वतः हात लांब करून बटण दाबलं. उचकी, उचकी, हंबरडा. कुणी आलं नाही. तिने पुन्हा दाबलं. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

मग बांधावरून बुधीबाई दिसली, टोप काखेत, जमेल तितकी भरभर येत. वयाने लंगडत चालणारी ही म्हातारी मावशीचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तिच्यामागे आणखी बायका.

"कुठं मेली होतीस गं?" बुधीबाई लांबूनच ओरडली. "तो फटफटीवाला येतो, पी पी करून जातो. सगळ्याच फटफट्या तसंच वाजतात. आम्ही काय दर फटफटीमागं धावायचं?" तिने टेम्पोत डोकावून बघितलं. आत नुसता दोर पडला होता. "मासळी कुठं हाय?"

वसूमावशीचे डोळे भरून आले होते, आणि माझं तर सरळ रडूच सुरू झालं होतं.

"उद्या आनते, ह्याच टेम्पोत," ती कशीबशी म्हणाली.

"मंग हा ने." बुधीबाईने आपला टोप टेम्पोत ठेवला. "भरून आन." बाकीच्या बायकांनीही आपापले टोप ठेवले आणि आल्या वाटेने निघून गेल्या.

सात टोप होते. डहाणू येईपर्यंत ते मागे खणखणत होते.