पाण्यातला तुकडा

शाळेच्या प्रयोगशाळेत फॉर्मालिनचा वास आला, की मला अकोला-अमरावती बस आठवते. वडिलांच्या यकृतातून सुईने काढलेला दोऱ्याएवढा तुकडा, तो कुजू नये म्हणून फॉर्मालिनच्या बाटलीत घालून, तपासणीसाठी अमरावतीला न्यायचा होता. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी चहा घेऊन परतलो, तोवर सोबत आलेल्या आईने बाटलीतले फॉर्मालिन ओतून पाणी भरले होते. "किती झोंबून राह्यलं होतं रे ते! तुह्या बाबाचं मास हाये, चांगल्या पाण्यात ठेवलं." पाण्यात पेशी फुगून फुटतात, हे मी वर्गात शिकवत असे. सुईनंतर वडिलांचे रक्त लवकर थांबले नव्हते. पुन्हा टोचणे जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी बाटली उजेडात धरली. "बघू, काही वाचता येतं का." चौथ्या दिवशी अहवालात 'सिरोसिस', म्हणजे यकृत कायमचे खराब झालेले, असे स्पष्ट लिहिलेले पाहून मी आनंदलो: तुकडा वाचता आला होता, पुन्हा टोचायला नको होते. त्या आनंदाची मला आजही भीती वाटते.