अकलूजच्या रीतीचं शिकरण

सोलापूर शहरात शिकरण हा पदार्थ गंभीरपणे घेणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या घरात होता. बाकीचं जग शिकरणाला पदार्थ मानायलाही तयार नसतं. अवचित पाहुणे टपकले, घरात गोडाचं काही नाही, मग केळी कापा, दूध ओता, साखर टाका, पाच मिनिटांत मोकळे. माझे थोरले चुलतसासरे या पाच मिनिटांच्या तयारीला दोन दिवस आधी लागत. आम्ही सगळे त्यांना कन्नड वळणानं ‘दोडप्पा’ म्हणत असू. केळ्यांची फणी ते स्वतः निवडून आणत. थंडीच्या दिवसांत ती पिकायला वेळ लागतो म्हणून तिला जुन्या चादरीत गुंडाळून कोठीच्या खोलीत निजवत. सकाळी उठून आधी इष्टलिंगाची पूजा आणि मग केळ्यांची विचारपूस. मी नवी नवरी असताना मला ताप आला होता, तेव्हा दोडप्पांनी एकदा दारातून डोकावून पाहिलं होतं. केळ्यांकडे दिवसातून चार खेपा व्हायच्या, हे मी मनात ठेवलं आहे.

आयुष्यभर त्यांनी चादरीच्या कारखान्यात एकच काम केलं. मागावर नक्षी उतरावी म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडावी लागतात, ते काम. एक भोक चुकलं तर मोराची चोच गळून पडते आणि मग शेकडो चादरींवर बिनचोचीचे मोर हिंडतात, असं ते सांगत. आपल्या हातून एकही मोर असा गेला नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. निवृत्त झाल्यावर तो सगळा हात केळ्यांकडे वळला. चकती चार पट्ट्यांच्या जाडीची, ना कमी ना जास्त. त्यासाठी एक छोटी सुरी होती, ती कारखान्यातल्याच एका भोकाभोकांच्या पट्टीत गुंडाळून फळीवर ठेवलेली असायची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साखर दुधात पूर्ण विरघळल्याशिवाय केळं सोलायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे खाणारा पाटावर बसल्याशिवाय सुरी चालवायची नाही, कारण कापलेलं केळं काळं पडतं. “मानसानं थांबायचं, केळं थांबत न्हाय,” असं ते म्हणत. एकदा घरचे जावई पाटावर बसले आणि त्यांचा फोन वाजला. दोडप्पा सोललेलं केळं हातात धरून उभे राहिले. बोलणं काही संपेना. ते केळं त्यांनी शांतपणे स्वतः खाल्लं आणि दुसरं सोललं. जावयांनी फोन ठेवला तेव्हा तिसरं केळं चालू होतं.

लग्नानंतर आठवडाभरात माझी परीक्षा झाली. मी अकलूजची, उसाच्या मुलखातली, गोडाधोडात आम्हाला कोण शिकवणार, अशी माझी ऐट. मी ऐटीत अर्धा तास आधी शिकरण करून फ्रिजमध्ये ठेवलं. दोडप्पांनी ते एक शब्द न बोलता संपवलं. आम्हा लिंगायतांच्या घरांत जेवण झालं की ताटवाटी पाण्यानं विसळून ते पाणी पिऊन टाकायची जुनी रीत आहे, अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून. आताशा फारसं कुणी पाळत नाही, दोडप्पा पाळत. वाटी विसळून ते पाणीसुद्धा त्यांनी पिऊन टाकलं. मला वाटलं, जिंकले. मग ते म्हणाले, “बघ अव्वा, प्रसादाला नाव ठेवायचं नसतंय. करनारीला ठेवलं तर चालतंय.” लेकीसुनांना ते ‘अव्वा’ म्हणत, म्हणजे आई. आईला इतकं टाकून बोलणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

केळं कुस्करून शिकरण करणाऱ्यांविषयी तर त्यांचं मत विचारायलाच नको. ते दात नसलेल्यांचं खाणं, असं म्हणून ते विषय संपवत. शेजारच्या वैद्यबुवांनी एकदा दूध आणि केळं हा विरुद्ध आहार असल्याचं सांगून पाहिलं. दोडप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सत्तर वर्षं झाली, दोघं माझ्या पोटात नांदायलेत. भांडन ऐकू आलं की तुमाला निरोप धाडतो.”

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मात्र पाहुण्यांना नुसता चहा मिळू लागला. केळी बरी मिळत नाहीत, दूध पातळ येतंय, अशी कारणं दोडप्पा देत आणि आमच्याकडे न बघता देत. मला कळेना. एके दिवशी दुपारी सगळे आडवे झाले असताना मी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. ते ओट्यापाशी पाठमोरे उभे होते. हातातली सुरी थरथरत होती. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते चकती पाडू पाहत होते आणि ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी पडत होती. बोटाला चिंधी बांधलेली. तसले सगळे तुकडे वाटीत गोळा करून ते त्यांनी उभ्यानंच खाल्ले आणि वाटी विसळून पाणी प्यायले. मी तशीच मागे फिरले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाच्या हातून एक मोर चुकला नव्हता, तो स्वतःच्याच घरात तोंड लपवून केळं कापत होता.

पुढे श्रावण आला. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आमच्या घरी जंगमस्वामींना, म्हणजे आमच्या गुरूंना, जेवायला बोलावतात, त्यांचे पाय धुऊन पाटावर बसवतात आणि दोडप्पा त्यांच्यासमोर शिकरण करतात. हे कधी चुकलेलं नव्हतं. त्या वर्षी दोडप्पा म्हणाले, “यंदा स्वामींना नको. म्हातारं मानूस, कुटं लांबनं बोलवायचं.” स्वामी शुक्रवार पेठेतच, आमच्यापासून दोन बोळ पलीकडे राहतात. सासूबाई हबकल्या. “भावजी, असं कसं? या घरात असं कधी झालं न्हाई,” एवढंच म्हणाल्या. मग आत येऊन मला म्हणाल्या, “त्यांच्या हाताचं मला कळतंय की. तू काप केळी, झालं.” मला ते पटेना. त्यांची सुरी सुनेनं सगळ्यांसमोर हातात घ्यायची, याहून स्वामींना न बोलावणं बरं, असंच दोडप्पांना वाटलं असतं.

मी त्यांच्या खोलीत गेले आणि आयुष्यातलं सगळ्यांत सफाईदार खोटं बोलले. “दोडप्पा, आमच्या अकलूजला स्वामींच्या पानातल्या फळाला लोखंड लावत नाहीत. केळं हातानं कुस्करूनच शिकरण करतात. तुम्ही सुरीनं करता ते मला पहिल्यापासून खटकतंय, पण नवी सून, बोलणार कशी?”

कुस्करणाऱ्यांविषयीची त्यांची सगळी मतं मला पाठ होती, म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले. ते म्हणाले, “असं हाय व्हय? मला ठावं नव्हतं की.” आणि स्वामींना निरोप सांगायला स्वतः चप्पल घालून निघाले.

सोमवारी स्वामी पाटावर बसले. दोडप्पांनी हात धुतले, केळी सोलली आणि दुधात कुस्करली. कुस्करणाऱ्याचा हात हलतोच, त्यात कंप कुणाला दिसणार? स्वामींनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, “यंदा निराळं लागतंय.” दोडप्पा गंभीरपणे म्हणाले, “सुनेच्या माहेरची रीत हाय, स्वामी. फळाला लोखंड लावत न्हाईत.” स्वामींनी आणखी एक वाटी मागून घेतली. सासूबाई पदरानं डोळे पुसत आत गेल्या आणि उगाचच डबे उघडझाप करू लागल्या.

मग घरात पुन्हा शिकरण सुरू झालं. येईल त्याला दोडप्पा अकलूजची रीत समजावून सांगत आणि दर खेपेला तीत भर घालत. पुढं पुढं मलाही माहेराविषयी नवीनच काहीबाही कळू लागलं. घात केला तो माझ्या भावानं. तो दिवाळीला आला, वाटी हातात घेतली आणि भाबडेपणानं म्हणाला, “काका, आमच्याकडं असं कुठं...” मी त्याच्या पायावर पाय दिला. तो कळवळला आणि गप्प बसला. दोडप्पा खालमानेनं खात होते.

भाऊ गेल्यावर मी भांडी उचलायला आले, तर ते अजून तिथंच बसलेले. “तुझं लगीन ठरवाय आमी आलो, तवा तुझ्या आईनं शिकरण वाढलं हुतं,” ते म्हणाले. “चकत्याच हुत्या, अव्वा. जाड हुत्या, पन चकत्याच.” त्यांनी वाटीत पाणी घातलं. वाटी दोन्ही हातांत धरून विसळली, तरी थोडं पाणी सांडलं. उरलेलं ते प्यायले. “असल्या खोट्याचं पाप लागत न्हाय. लागलंच तर निम्मं माजं.”

गेल्या हिवाळ्यात दोडप्पा गेले. चादरीत गुंडाळलेली एक फणी तेव्हा कोठीत होती, ती दोन दिवसांनी पिकली. यंदाच्या श्रावणात स्वामी पाटावर बसले आणि दुधाचं भांडं माझ्यासमोर आलं. माझा हात स्थिर आहे. चार पट्ट्यांच्या जाडीच्या चकत्या मला आता डोळे मिटून पाडता येतात, आणि एकदा तरी त्या त्यांना दाखवाव्यात अशी माझी फार इच्छा होती. मी फळीवरची सुरी उचलली आणि तिच्यावरची पट्टी सोडू लागले.

“अगं, लोखंड कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “कुस्कर की. आपल्या घरची रीत हाय ती.”

मी पट्टी परत गुंडाळली आणि हात धुऊन केळी सोलायला घेतली.